जे मांडायचे, तेच वाढायचे

फाल्गुन पौर्णिमेला होळी पेटते आणि वैशाख शुद्ध तृतीयेला पितरांच्या नावाने मातीची घागर भरली जाते. या दीडेक महिन्यात नागपूरच्या मराठी घरांतून होळी, पाडवा, चैत्रगौर, रामनवमी, हनुमान जयंती आणि अक्षय्य तृतीया असे एकामागून एक सण येऊन जातात. गणपती-दिवाळीपुढे ते साधेच वाटतात. मखर नाही, रोषणाई नाही, आठवडाभर चालणारा फराळ नाही. शेणाच्या चाकोल्या, पळसाची फुले, कडुनिंबाचा डहाळा, साखरेच्या गाठी, आंब्याची पाने, रांगोळी, ओले हरभरे, कैरी आणि पाण्याने भरलेला मातीचा घडा, एवढ्यातच सगळे भागते. या साधेपणाचे कारण सहसा दोन प्रकारे सांगितले जाते. काहींच्या मते पूर्वी पैसा नव्हता म्हणून सण साधे होते. काही जण जुन्या माणसांच्या निरागसपणाचे गोडवे गातात. मला ही दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. वसंतातल्या सणांची घरगुती सजावट आणि त्या सणांचा स्वयंपाक या मुळात दोन गोष्टी नव्हत्याच, असे माझे म्हणणे आहे. ऋतूने घरात आणून टाकलेला माल आधी देवापुढे किंवा दारात मांडायचा आणि मग तो खायचा, जाळायचा किंवा पाण्याबरोबर वाहू द्यायचा, हा त्यांचा नियम होता. साधेपणा या नियमातून आला. आज त्यातले काय टिकले आणि काय विस्कटले, याचा उलगडाही याच नियमाने होतो.

हा नियम नागपुरात इतका ठळक दिसण्याला इथली जागा कारणीभूत आहे. गोंड राजा बख्त बुलंद शाहने 1702च्या सुमारास वसवलेले आणि पुढे अठराव्या शतकात रघूजी भोसल्यांनी राजधानी केलेले हे शहर तीन प्रदेशांच्या सांध्यावर आहे. पूर्वेला वैनगंगेच्या खोऱ्यातला धानाचा आणि तलावांचा मुलूख, पश्चिमेला वर्ध्याकडे कपाशीची काळी जमीन आणि उत्तर-दक्षिणेला सागाचे, मोहाचे, पळसाचे जंगल. माघ संपता संपता रब्बीचा गहू आणि हरभरा खळ्यावर येतो. त्याच सुमारास पळस पाने झाडून टाकतो आणि नुसत्या फांद्यांवर केशरी फुलतो. कडुनिंबाला कोवळी पालवी येते आणि गावरान आंब्याला बाळकैऱ्या धरतात. म्हणजे दाण्याने, फुलाने आणि फळाने घर एकाच वेळी भरते. त्याच वेळी ऊनही चढू लागते. ज्या शहराचा पारा 2013च्या मे महिन्यात 47.9 अंशांवर गेला, तिथे फाल्गुन-चैत्र म्हणजे उन्हाळ्याच्या तयारीचे शेवटचे दिवस. ताजे ते लवकर वापरायचे, सुकवण्यासारखे ते सुकवायचे आणि शरीराला थंडावा देणारे ते पुढे काढून ठेवायचे, ही या दिवसांतली घरची मुख्य कामे असतात. सण याच कामांच्या मधोमध बसले आहेत.

पहिला पुरावा होळीचा. विदर्भात होळीच्या आधीच्या दिवसांत शेणाच्या लहान गोल चकत्या थापतात. ओल्या असतानाच मधोमध बोटाने भोक पाडतात, उन्हात कडक वाळवतात आणि दोरीत ओवून त्यांच्या माळा करतात. या चाकोल्या. काही घरांत चकत्यांबरोबर चंद्र-सूर्यासारखे आकारही थापतात. अंगणातल्या होळीत एरंडाची फांदी रोवायची, भोवती गोवऱ्या आणि लाकडे रचायची आणि वरून चाकोल्यांच्या माळा चढवायच्या. मुलांच्या हातांनी आठवडाभर घडलेली ही सजावट तासाभरात राख होते. त्याच आगीवर गव्हाच्या ओंब्या आणि हरभऱ्याचे घाटे भाजले जातात, आणि नव्या पिकाचा पहिला घास होळीच्या धगीत शिजतो. नागपूरच्या इतवारीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मारवाडी कुटुंबेही अशाच भोकाच्या शेणचकत्या ओवून होळीत घालतात. ते त्यांना बडकुल्ले म्हणतात. भाषा वेगळी, कुळाचार वेगळा, पण थापणे, ओवणे आणि जाळणे हा क्रम तोच. गोठ्यात हिवाळाभर साठलेले शेण पावसाळ्याआधी वाळवून इंधन करायचे, हे प्रत्येक शेतकरी घराचे काम होते. चाकोली हा त्या कामाचाच सजवलेला, मुलांच्या वाट्याला दिलेला तुकडा आहे.

दुसरा पुरावा रंगाचा. टॉमस ब्राउटन हा इंग्रज अधिकारी 1809मध्ये दौलतराव शिंद्यांच्या छावणीत होता. तिथून लिहिलेल्या आणि 1813मध्ये प्रसिद्ध झालेल्या पत्रांत त्याने मराठा लष्करातल्या होळीचे वर्णन केले आहे. उधळायचा अबीर शिंगाड्याच्या पिठाला रक्तचंदनाने रंगवून केलेला होता आणि अंगावर टाकायचे पाणी पळसाच्या फुलांनी केशरी केलेले होते, असे तो सांगतो. छावणी उत्तरेकडची होती. पण नागपूरच्या माणसाला या दोन्ही वस्तू परक्या नाहीत. भंडारा-गोंदियाच्या तलावांत ढीवर समाज शिंगाडा लावत आला आहे आणि पळस तर शहराच्या वेशीपासूनच सुरू होतो. थोडक्यात, रंगांपैकी एक रंग उपवासाच्या पिठाचा होता आणि दुसरा रानातल्या फुलाचा. पळसाची फुले रात्रभर पाण्यात भिजवली किंवा उकळली की पिवळट केशरी रंग उतरतो. हा रंग कच्चा असतो. दोन-तीन धुण्यांत कापडावरून निघून जातो. रंगाऱ्याच्या दृष्टीने हा दोष, पण सणाच्या दृष्टीने हाच गुण, कारण दुसऱ्या दिवशी तेच धोतर, तेच लुगडे पुन्हा नेसायचे असते. पळस एवढ्यावर थांबत नाही. त्याच्याच पानांच्या पत्रावळी आणि द्रोण होतात. ज्या झाडाने सण रंगवला, त्याच झाडाच्या पानावर सणाचे जेवण वाढले जाते आणि जेवण झाले की पत्रावळ उकिरड्यावर जाऊन खत होते.

या रंगाचे पुढे काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. विल्यम पर्किनने 1856मध्ये डांबरापासून जांभळा रंग केला. त्यानंतर डझनभर वर्षांत मंजिष्ठेचा लाल रंगही प्रयोगशाळेत तयार झाला. 1867मध्ये नागपूरला रेल्वे आली आणि मुंबईच्या बंदरात उतरणारा माल मध्य प्रांताच्या बाजारपेठांत थेट पोहोचू लागला. आल नावाच्या झाडाच्या मुळांपासून लाल रंग काढणाऱ्या रंगाऱ्यांचा धंदा या कारखानी रंगांनी बसवला, हा इतिहास आता सर्वपरिचित आहे. होळीतल्या पळसाची जागाही हळूहळू पुडीतल्या रंगाने घेतली. इथे नुसता घरचा रंग जाऊन दुकानाचा आला असे झाले नाही. निघून जाणारा रंग गेला आणि चिकटणारा रंग आला. मग तो काढण्यासाठी आधी अंगाला तेल चोळणे, नंतर साबणाने घासणे, जुने कपडे वेगळे काढणे आणि ते फेकून देणे असा सगळा पसारा मागोमाग आला. वस्तू टिकाऊ झाली की सण सोपा होत नाही, उलट अवघड होतो, असे हे उदाहरण सांगते.

यावर पहिला आक्षेप येईल तो गाठीचा. पाडव्याच्या गुढीला बांधायची साखरगाठी घरी कोण करते? ती हलवायाकडूनच येते. मग घरगुती साधेपणाची गोष्ट कशाला करायची? आक्षेप खरा आहे. गाठी हे कसबी माणसाचे काम आहे. साखरेचा पाक उकळताना थोडे दूध घालून मळी वर आणायची, ती काढून पाक स्वच्छ आणि पुरेसा दाट करायचा. लाकडी साच्यांच्या खाचांतून आधी दोरा सोडून ठेवायचा, साचे घट्ट बांधायचे आणि गरम पाक ओतायचा. काही मिनिटांत पाक थिजतो, साचा उघडला की दोऱ्यात गुंफलेली पांढरीशुभ्र पदके बाहेर येतात. पाक क्षणभर जास्त शिजला तर गाठी ठिसूळ, कमी शिजला तर चिकट. घरच्या चुलीवर हे जमण्यासारखे नाही. शिवाय पांढरी साखर घरोघर परवडू लागली ती उशिरा. 1932च्या संरक्षण कायद्यानंतर देशात साखर कारखाने वाढले, त्याआधी बहुतेक घरांचा गोडवा गुळाचा होता. म्हणजे वसंताच्या सणांत बाजार होताच. पण बाजारातून आलेली ही वस्तूही घरात शिरताच घराच्याच नियमाने वागते. विदर्भात गाठी पाडव्याआधी होळीलाच लहान मुलांच्या गळ्यात पडते. दागिना म्हणून घातलेली माळ संध्याकाळपर्यंत एकेक पदक करून चघळली जाते. पाडव्याला ती गुढीवर चढते आणि गुढी उतरली की घरात वाटली जाते. विकत आणलेली असूनही ती ठेवण्याची वस्तू होत नाही. वस्तू कुठून आली, यापेक्षा तिचे शेवटी काय होते, हे इथे महत्त्वाचे ठरते.

गुढीचेही असेच आहे. आनंदाची खूण म्हणून गुढी उभारण्याचा उल्लेख ज्ञानेश्वरीतही येतो, तेव्हा ती मराठी माणसाच्या मनात किमान सातशे वर्षे रुजलेली आहे. पण तिचे साहित्य पाहिले तर त्यात गुढीसाठी खास आणलेले असे फारच थोडे आहे. वेळूची काठी मांडवाला किंवा दोरी बांधायला परत जाते, तांब्या-गडू स्वयंपाकघरात परत जातो, साडी किंवा खण नेसायला आणि शिवायला जातो, गाठी पोटात जाते आणि कडुनिंब वाटीत जातो. कोवळी पाने किंवा फुले, गूळ, चिंच, जिरे, ओवा, मीठ आणि हिंग एकत्र वाटून केलेली ती कडू-गोड गोळी सकाळी आधी खायची आणि मगच पुरणपोळी किंवा श्रीखंड-पुरी. गुढी उतरवल्यावर जपून ठेवायला उरते ती फक्त आठवण, वस्तू एकही उरत नाही. घरातल्याच वापराच्या वस्तू काही तास वेगळ्या रीतीने उभ्या करून त्यांना देवत्व द्यायचे आणि सूर्यास्ताआधी पुन्हा वापरात आणायचे, इतकी काटेकोर रचना गरिबीतून अपघाताने होत नाही. त्यामागे विचार असतो.

या विचाराचे सर्वांत भरलेले रूप चैत्रगौरीत दिसते. चैत्र शुद्ध तृतीयेला देव्हाऱ्यातली अन्नपूर्णा किंवा गौर घासूनपुसून लहानशा पाळण्यात बसते आणि महिनाभर, अक्षय्य तृतीयेपर्यंत, माहेरपण उपभोगते. दारापुढे सारवलेल्या जमिनीवर चैत्रांगण काढतात. चिमटीतून रांगोळीची सलग बारीक रेघ सोडत आधी झोक्यावरची गौर येते, मग चंद्र-सूर्य, शंख-चक्र-गदा-पद्म, तुळशीवृंदावन, गोपद्मे, लक्ष्मीची पावले, कासव, नाग, हत्ती, मोर, गाय-वासरू, आंबा, फणी, आरसा, करंडा. देवाची आयुधे आणि बाईची फणी एकाच अंगणात, एकाच मापाची. पाय लागून, वारा लागून ती पुसते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काढतात. कागदावर न उतरलेली ही चित्रकला पिढ्यांमागून पिढ्या टिकली ती रोज पुसली गेल्यामुळे, कारण पुसली म्हणून रोज काढावी लागली आणि रोज काढली म्हणून हाताला वळण राहिले. हळदीकुंकवाच्या दिवशी गौरीपुढे आरास मांडतात. पायऱ्यापायऱ्यांवर कलिंगडाच्या कातरलेल्या कडा, काकड्या, कैऱ्यांचे घोस, भिजवलेल्या हरभऱ्यांच्या राशी, मोगऱ्याच्या माळा, वाळ्याचा पंखा. घरी आलेल्या बायकांची ओटी त्याच ओल्या हरभऱ्याने भरतात, हातावर आंब्याची डाळ ठेवतात आणि पेल्यात पन्हे देतात. आरास मांडली जाते आणि त्याच संध्याकाळी ती वाटून, खाऊन संपते.

आंब्याची डाळ हा पदार्थ जवळून पाहिला तर हा हिशेब किती बारीक होता ते कळते. हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवायची, निथळायची आणि पाट्यावर हिरवी मिरची, मीठ, चिमूटभर साखर घालून भरड वाटायची. गुळगुळीत झाली तर चव गेली. त्यात किसलेली कैरी, खोवलेले खोबरे आणि चिरलेला सांबार (कोथिंबिरीला नागपुरात हेच नाव) मिसळायचा. वरून मोहरी, हिंग, हळदीची फोडणी गार करून ओतायची. चूल पेटते ती फक्त फोडणीपुरती. नवी डाळ खळ्यावरून आलेली, कैरी पाडाला लागण्याआधीची, म्हणजे दोन्ही माल नेमके त्या पंधरवड्यात हाताशी. वाटलेली कच्ची डाळ चैत्राच्या उन्हात रात्र काढत नाही, म्हणून ती त्याच दिवशी वाटून टाकावी लागते. पन्हेही तसेच. उकडलेल्या कैरीचा गर, गूळ, वेलदोडा आणि माठातले पाणी, उन्हातून आलेल्या माणसाला याहून मोठा आदर नाही. वाटपाची रीत आणि पदार्थाचा नाशवंतपणा इथे एकमेकांना धरून आहेत. जे साठवता येत नाही, ते देण्यावाचून गत्यंतर नसते. म्हणून हळदीकुंकू हा दहा-वीस घरांनी मिळून एकमेकींचा नाशवंत माल वेळेत खाण्याचा मार्गही होता.

अक्षय्य तृतीयेला हा क्रम पूर्ण होतो. विदर्भातल्या पुष्कळ घरांत या दिवशी पितरांच्या नावाने मातीचे नवे भांडे पाण्याने भरून पुजतात आणि पुरणपोळी, कुरडया, पापड, वडे, आमरस आणि आंबटगोड चिंचवणी यांचे ताट वाढतात. पितरांना दाखवल्याशिवाय नवा आंबा खायचा नाही, असा अनेक घरांचा नेम. ताटातल्या कुरडया-पापड म्हणजे फाल्गुन-चैत्रात गच्चीवर, अंगणात घातलेल्या वाळवणाची पहिली वाटी. नवा माठ म्हणजे पुढच्या दोन महिन्यांच्या थंड पाण्याची सोय. पूजेचे भांडे दुसऱ्या दिवसापासून घरचा किंवा दान दिलेल्या घरचा माठ होते. सण म्हणजे घरातल्या उन्हाळी तयारीची एका दिवसाची तपासणी आणि पितर हे तिचे पहिले साक्षीदार, असे म्हटले तर चूक होणार नाही.

हे सगळे एका जातीचे किंवा एका भाषेचे वैशिष्ट्य नाही, याचा दाखला नागपूरच्याच शेजारांतून मिळतो. ज्या तृतीयेला मराठी गौर झोक्यावर बसते, त्याच दिवशी मारवाडी बायकांची गणगौर संपते. होळीच्या राखेपासून सुरू झालेली, मातीची गौर आणि गव्हाचे अंकुर पुजणारी ती पूजा पाण्यात विसर्जित होते. ज्या पाडव्याला इथे कडुनिंब-गूळ खातात, त्याच दिवशी तेलुगू घरांत निंबाची फुले, कैरी, गूळ, चिंच यांची उगादी पच्चडी होते. फाळणीनंतर शहराच्या जरीपटका भागात वसलेल्या सिंधी समाजाचा चेटीचंडही याच पंधरवड्यातला. या लोकांनी एकमेकांचे अनुकरण केले असे मी म्हणत नाही. प्रत्येकाचा उगम वेगळा आहे. पण एकाच ऋतूने एकाच प्रकारचा माल चौघांच्या हाती दिला आणि चौघांनी त्याचे पूजन आणि सेवन यांत फारसे अंतर ठेवले नाही, एवढे तर स्पष्ट आहे.

आता दुसरा, अधिक वजनदार आक्षेप. हे सारे गरिबीचे गोड नाव नव्हे का? ज्यांच्याकडे काही नव्हते त्यांनी शेण थापले आणि पाला बांधला, त्यात तत्त्व कुठले? हा आक्षेप खरा असता तर संपत्ती आल्यावर सामग्री बदलायला हवी होती. श्रीमंतांच्या घरी भांडी बदलतात हे खरेच. गडू चांदीचा होतो, पाळणा चांदीचा होतो, साडी पैठणी होते. पण निंबाच्या जागी सोन्याचे पान येत नाही, ओल्या हरभऱ्याच्या जागी काजू येत नाही, कैरीच्या डाळीच्या जागी खव्याची मिठाई आली तर ती चैत्रगौर वाटत नाही. टिकाऊ भाग ऐपतीप्रमाणे बदलतो, नाशवंत भाग मात्र वाड्यात आणि झोपडीत तोच राहतो. दसऱ्याचे सोने श्रीमंताकडेही आपट्याचेच असते, तसेच हे. तेव्हा नाशवंत भाग हाच सणाचा गाभा आणि बाकीचे त्याचे कोंदण, असेच म्हणावे लागते.

इथेच विदर्भातला जाणता वाचक भाद्रपदातल्या महालक्ष्म्यांची आठवण करून देईल. त्यांच्या डोक्यावर करंज्या, पापड्या, साटोऱ्यांचा फुलोरा टांगतात, म्हणजे खाद्य हीच सजावट ही रीत पावसाळ्यातही आहे. हे मान्यच केले पाहिजे. हा नियम केवळ वसंताचा नाही. पण फुलोरा तळणीतून निघालेला, कोठारातल्या पिठा-गुळापासून खास केलेला आणि दिवसच्या दिवस टिकणारा असतो. त्यासाठी कढई, तेल आणि बरीच मेहनत लागते, आणि तो मखराच्या भरजरी सजावटीचा एक भाग असतो. वसंतात तळण नसते असे नाही, पण मांडायची वस्तू बहुधा कच्ची, ओली आणि शेत-रानातून थेट आलेली असते आणि तिच्याखेरीज दुसरी सजावट जवळजवळ नसतेच. भाद्रपदात जे अनेकांतले एक आहे, ते चैत्रात सर्वस्व आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर. हा साधेपणा कुणासाठी साधा होता? सारवणे, वाटणे, भिजवणे, शेवया-कुरडया घालणे हे सगळे बायकांच्या हातांवर होते. हळदीकुंकवाला सवाष्णींनाच बोलावणे असायचे, विधवेला त्याच घरात मागच्या खोलीत बसावे लागे. चैत्रगौर ही मुख्यतः उच्चवर्णीय घरांची रीत होती आणि ज्यांच्या घरचे पाणी चालत नसे, त्यांचे पन्हे कोण पिणार होते? याला सारवासारवीचे उत्तर देणे अप्रामाणिक होईल. या सणांची रचना सुंदर होती आणि त्यांचा उंबरठा अन्यायाचा होता, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. त्या उंबरठ्याविरुद्धचा सर्वांत मोठा निर्णय याच शहरात झाला. 14 ऑक्टोबर 1956 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला आणि बावीस प्रतिज्ञांनी जुन्या देवतांची पूजा नाकारली. आज नागपूरच्या वसंतातला एक फार मोठा घरगुती उत्सव 14 एप्रिलच्या आंबेडकर जयंतीचा आहे. घरांवर निळे आणि पंचशील ध्वज, दारात रांगोळी, घरात गोडधोड, आणि पुढे बुद्धपौर्णिमेला खीरदान. तो गुढीचा अवतार नाही, त्याचा अर्थ आणि इतिहास स्वतंत्र आहे. पण दार सजवावे, गोड शिजवावे आणि ते वाटावे ही माणसाची गरज जुन्या विधीची गुलाम नाही, हे त्याने दाखवून दिले. सवाष्णींच्या प्रश्नावरही पाऊल पुढे पडले आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे 2022मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने त्याचे अनुकरण करण्याचे आवाहन केले. गौरीपुढचा हरभरा कुणाच्या ओटीत पडावा, हे ठरवणारी अट हरभऱ्यात नव्हती, ती माणसांनी घातली होती. म्हणून ती काढून टाकल्याने गौरीचे काहीच जात नाही. वाटण्याचा नियम उलट तेव्हाच पूर्ण होतो.

या दृष्टीने आजच्या घराकडे पाहिले तर काय टिकवायचे, याचे उत्तर मिळते. सदनिकेत अंगण नाही, गोठा नाही, पाटा-वरवंटा नाही. त्यामुळे चाकोल्या विकत येतात, डाळ मिक्सरमधून निघते, आणि त्यात खंत करण्यासारखे काही नाही. मिक्सरने बाईचे श्रम वाचतात, हे चांगलेच आहे, आणि ते श्रम घरातल्या पुरुषांनीही उचलले तर आणखी चांगले. खरी गडबड होते ती सजावट आणि स्वयंपाक यांची ताटातूट झाल्यावर. प्लास्टिकचे आंब्याच्या पानांचे तोरण, फरशीवर चिकटवायचे चैत्रांगण, पेटीत ठेवून दर वर्षी काढायची वीतभर तयार गुढी, या वस्तू दिसायला जुन्याच आहेत, पण खाता येत नाहीत, जाळता येत नाहीत, वाटता येत नाहीत आणि पुसता येत नाहीत. त्या फक्त ठेवता येतात. चिकटवलेले चैत्रांगण एका वर्षात एका हाताचे वळण संपवते, कारण ते पुन्हा काढावे लागत नाही. याउलट गॅलरीतल्या दोन फरश्यांवर वेडीवाकडी का होईना, हाताने काढलेली गौर आणि शेजारच्या चार घरांत, जात-धर्म आणि कपाळावरचे कुंकू न बघता, पोचवलेली वाटीभर आंब्याची डाळ ही जुन्या रीतीची पूर्ण वारस आहे.

म्हणून वसंतातल्या सणांचा साधेपणा जपायचा तर तो देखाव्यात शोधून उपयोग नाही. मातीची पणती आणि हातमागाचा खण महागड्या दुकानातून आणून साधेपणा मांडता येतो, पण तोही मग एक साठवायचा माल होतो. सणाला घरात आलेल्या प्रत्येक वस्तूबद्दल एकच प्रश्न विचारावा. उद्या तिचे काय होणार? ती कुणाच्या तोंडी लागणार असेल, मातीत मिसळणार असेल किंवा परवापासून रोजच्या कामाला येणार असेल, तर ती या परंपरेतली आहे, मग ती घरी केलेली असो की इतवारीच्या बाजारातून आणलेली. ती नुसतीच माळ्यावर जाणार असेल, तर कितीही पारंपरिक दिसली तरी या परंपरेशी तिचे नाते नाही. नागपूरच्या उन्हाने आणि इथल्या शेत-रानाने अनेक पिढ्यांना हा हिशेब शिकवला. तो समजून घेतला तर पुढच्या चैत्रात काय मांडायचे, हे कुणाला विचारावे लागणार नाही. त्या आठवड्यात बाजारात आणि झाडावर जे ताजे असेल तेच आणायचे, घडीभर मांडायचे आणि सगळ्यांना वाढायचे.